हललेला बगळा

आमच्या ताईने जन्मभर माणसांचे फोटो काढले, पण त्यातला एकही फोटो कुणी हौसेने भिंतीवर लावला नाही. लावणार तरी कसा? ताई हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. तळमजल्यावर अगदी टोकाला तिची खोली होती. खोलीला खिडकी नाही, दार जाडजूड, दारावर तांबडा दिवा आणि आत ते गारेगार टेबल. त्यावर माणसाला झोपवायचं, हात-पाय हवे तसे वळवायचे आणि आडोशाला जाऊन म्हणायचं, "श्वास घ्या. रोखा. हलू नका. झालं, सोडा." सगळं हॉस्पिटल तिला एक्स-रेताई म्हणायचं. तिचं खरं नाव पगारपत्रक करणाऱ्याला तेवढं ठाऊक असावं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. घरी वाढदिवसाला कुणी ताईच्या हातात कॅमेरा दिला तरी ती हेच म्हणायची. "श्वास घ्या. रोखा." म्हणून आमच्या घरच्या फोटोंत सगळी मंडळी नुकतीच विहिरीतून वर काढल्यासारखी दिसतात. माझ्या लग्नाच्या फोटोत तर माझे डोळे असे बाहेर आलेत की सासूबाईंनी माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलीला काही त्रास वगैरे नाही ना.

तिच्या शब्दकोशात सगळ्यात वाईट शब्द एकच, 'हलला'. फोटो हलला म्हणजे वाया गेला. पेशंटला पुन्हा झोपवा, पुन्हा तो त्रास द्या. तिचा फोटो सहसा हलायचा नाही आणि त्याचा तिला भारी अभिमान. आणि मी? मी शाळेची व्हॅन चालवते. माझ्या गाडीतलं एकही पोर कधी स्थिर बसलेलं नाही आणि माझा आवाज कधी खाली आलेला नाही. एकाच आईच्या पोटच्या आम्ही, पण ती थांबणारी आणि मी हॉर्न वाजवणारी.

ताई निवृत्त झाली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "एक्स-रेताई, तुम्हाला काय भेट देऊ?" कुणी घड्याळ मागतं, कुणी सूटकेस. आमच्या ताईने भिंत मागितली.

तिच्या खोलीबाहेर एक लांबलचक बाकडं होतं. नंबर येईपर्यंत लोक तिथे बसायचे. समोरच्या भिंतीवर दोन पाट्या. एक धोक्याची आणि दुसरी 'शांतता राखा' म्हणणारी.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "त्या बाकड्यावरची माणसं दिवसभर त्या पाट्या वाचतात. मी दार उघडलं की त्यांचा चेहरा पडतो. इतकी वर्षं माझं तोंड बघून कुणाला आनंद झाला नाही, की माझा फोटो हातात धरून कुणी हसलं नाही. मला तिथे माझा एक फोटो लावायचाय. झाडाचा, प्राण्याचा, कसलाही. तो बघून बाकड्यावरचा माणूस आपण इथे कशाला आलोय ते घटकाभर विसरला पाहिजे."

मोठे डॉक्टर म्हणाले, "लवकरच त्या कॉरिडॉरला रंग देणार आहोत. रंग वाळेपर्यंत आणा. नाहीतर फुप्फुसांचा एक मोठा तक्ता येऊन पडलाय, तो लावू."

झालं! त्या दिवसापासून फुप्फुसं ताईच्या स्वप्नात यायला लागली.

भाऊजींनी तिला चांगला कॅमेरा घेऊन दिला, लांब नळीची लेन्ससुद्धा दिली. मात्र सोबत येण्याचं नाव काढलं नाही, कारण भाऊजींना गाडीत बसलं की कोपऱ्यावर पोचायच्या आत मळमळतं. ताईला गाडी येत नाही. शाळेला सुट्टी होती आणि माझी व्हॅन दारात उभी होती. तेव्हा बळीचा बकरा कोण, हे सांगायला नको.

पहिल्यांदा आम्ही डोंगराकडे गेलो. पहाटे निघालो, ऊन कोवळं होतं तोवर पोचलोसुद्धा. समोर डोंगर, पायथ्याशी धुकं, वर नुकतं लालसर होणारं टोक. माझ्यासारख्या बाईचासुद्धा आवाज बंद झाला, एवढं सुंदर. ताईने कॅमेऱ्याखाली तिकाटणं उभं केलं, मधोमध डोंगर धरला, स्वतःचाच श्वास रोखला आणि फोटो काढला.

"झालं?" मी म्हटलं. "चल, चहा पिऊ."

"अजून कुठे? हा समोरून झाला. आता बाजूने."

"काय बाजूने?"

"डोंगर. एका बाजूने बघून काही कळत नाही, धाकटे. समोरून एक आणि कुशीवरून एक, दोन हवेतच."

मी कपाळावर हात मारला. पेशंटला म्हणता येतं, जरा कुशीवर वळा. डोंगराला कोण सांगणार? डोंगर वळत नाही म्हणून व्हॅन वळवावी लागली. अख्ख्या डोंगराला वळसा घालून, खड्ड्यांतून, शेतातल्या वाटांवरून, एका म्हशीची समजूत काढून आम्ही त्याच्या कुशीला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. धुकं गेलं होतं, लाली गेली होती. डोंगर उन्हात पाठ शेकत बसला होता. ताईने तोही फोटो काढला आणि समाधानाने डबा उघडला. उकडलेली अंडी खाताना ती मला म्हणाली, "डाव्या अंगाला थोडा बाक आहे बघ याला." मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मग जंगल झालं, माळरान झालं, समुद्रकाठ झाला. आठवडाभर शाळेची व्हॅन, जिच्या मागच्या काचेवर 'मुलं आहेत, सावकाश' असं लिहिलंय, ती आम्हा दोन बायकांना घेऊन रानोमाळ हिंडली. मला कंटाळा आला असं म्हटलं तर ते खोटं होईल. रोज सकाळी नवीन वारा तोंडावर यायचा. ताई पुढच्या सीटवर पाय दुमडून बसायची आणि लहान मुलीसारखी काच खाली करून डोकं बाहेर काढायची. खिडकी नसलेल्या खोलीत इतकी वर्षं काढलेली बाई ती. तिला एवढी खुशीत मी आमच्या लहानपणानंतर बघितलीच नव्हती. जंगलात भाड्याने घेतलेल्या जीपपुढे हरणांचा कळप आला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी ओरडले नाही. मी ओरडले नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

पण फोटो! फोटोंनी माझ्या नाकी नऊ आणले. रोज दुपारी ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघायला बसायची आणि जो हलला तो पुसायची. हरणाने उडी मारली, पुसलं. सशाने कान झाडले, पुसला. समुद्रपक्ष्यांचा थवा एकदम उठला, पाणी नि पंख नि उजेड सगळं एक झालं होतं, मी अजून तो फोटो विसरले नाही. तिने "हलला" म्हटलं आणि बोटाच्या एका टोकाने अख्खा थवा नाहीसा केला.

आणि उरलेले? उरलेल्या फोटोंत प्राणी अगदी मधोमध, ताठ, स्पष्ट, समोर बघत उभे. केस न् केस मोजून घ्या. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, की आता काय निघतंय कोण जाणे.

"ताई," मी म्हटलं, "हे हरीण रिपोर्टची वाट बघतंय."

"तुला कशातलं काही कळत नाही."

"आणि हा ससा उपाशीपोटी आलाय. त्याला आदल्या दिवशी सांगितलं असणार."

ती हसली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "ते मला दिसतंय गं. पण दुसरं कसं काढतात, ते मला येतच नाही." मी शहाणपणा करत होते आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. त्यात हॉस्पिटलमधून निरोप आला की रंगारी आले, पाट्या उतरवल्या, जुना रंग खरवडायला सुरुवात झाली.

शेवटचं ठिकाण म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. लहानसं तळं, काठाला लव्हाळे, मध्ये बुडालेल्या झाडांची खोडं. नावाडी म्हातारा आणि बोलका होता. आम्हाला बसवून त्याने होडी अशी हळू सोडली की पाण्याला कळलंसुद्धा नाही. एका खोडावर राखी बगळा उभा होता. एक पाय पोटाशी घेतलेला, मान आखडलेली, डोळा पाण्यावर.

ताईने कॅमेरा उचलला आणि सवयीने कुजबुजली, "श्वास घ्या. रोखा. हलू नका."

आणि खरं सांगते, बगळा हलला नाही. तिच्या नोकरीतला सगळ्यात गुणी पेशंट! पिसाचं टोकसुद्धा हललं नाही. फक्त नावाड्यानेही श्वास रोखून धरला होता, त्याचा चेहरा लालबुंद झाला तेव्हा मला त्याच्या पाठीत थाप मारून "तुम्ही सोडा हो" असं सांगावं लागलं. समोरून झाला. होडी फिरवून कुशीवरून झाला. ताईचे डोळे चमकायला लागले. हाच तो फोटो, तिचं ठरलं.

तेवढ्यात बगळ्याने चोच मारली.

मासा मोठा होता. बगळ्याच्या अंदाजापेक्षा बराच मोठा. त्याने जो हिसका दिला त्याने बगळ्याची मान एकीकडे, पाय दुसरीकडे. पंख उघडले, एक वर, एक खाली. मासा चोचीतून सुटून हवेत उडाला, आणि सकाळपासून साधुपुरुषासारखा ध्यान लावून उभा असलेला तो पक्षी खोडावरून पाण्यात चक्क ढुंगणावर आपटला. मग तो उठला, पिसं झटकली आणि कुणी बघितलं तर नाही ना, अशी इकडेतिकडे मान वळवली. मी हसत हसत होडीच्या तळाशी बसले.

ताईचं बोट बटणावरच राहिलं होतं. तिने पडद्याकडे बघितलं. मीही तिच्या खांद्यावरून डोकावले. बगळा पडतानाचा नेमका क्षण आला होता. पाण्याचा फवारा, मासा हवेत तिरका, आणि त्यामागे बगळ्याची उघडी चोच नि वटारलेला डोळा. पंख पार पुसट झाले होते.

"हलला," ताई म्हणाली आणि तिचं बोट निघालं.

मी कॅमेरा हिसकावला. होडी अशी डुलली की नावाड्याने देवाचं नाव घेतलं.

"दे इकडे!"

"नाही देत! खबरदार पुसलास तर! तोंड बघ त्याचं!"

"अगं, कडा बघ. एक तरी कड धड आहे का?"

"कडा गेल्या खड्ड्यात! मी केवढी हसले, दिसलं नाही तुला?"

"तू बगळ्याला हसलीस, फोटोला नाही. आणि तू माझी बहीण, तुझं काय धरायचं?"

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि ब्लाउजमध्ये टाकलं. काठावर उतरेपर्यंत आमचा तह झाला. दोन फोटो मोठे करून आणायचे. उभा बगळा हॉस्पिटलला, पडका बगळा माझ्या घरी.

हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा भिंत फिकट पिवळी, कोरी झाली होती आणि रंगाचा वास अजून होता. कोपऱ्यात फुप्फुसांचा तक्ता गुंडाळी करून तयार होता. शिपायाने खिळा मारला. उभा बगळा भिंतीवर गेला. अगदी मधोमध, सरळ, स्वच्छ. ताईने पदराने काच पुसली आणि आम्ही पाण्याच्या टाकीआड जाऊन उभ्या राहिलो. लोक काय करतात ते तिला बघायचं होतं. तिच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती.

बाकड्यावर माणसं येऊन बसली. एकाने वर बघितलं, पुन्हा आपल्या चपला बघायला लागला. एका मुलीने फोटो बघितला आणि आईला विचारलं, अजून किती वेळ. गळ्यात हात बांधलेल्या एक बाई मात्र बराच वेळ टक लावून बसल्या होत्या. ताई पुढे झुकली. त्या बाईंनी शेजारणीला कोपर मारून म्हटलं, "बिचारा. याचाही नंबर लागायचाय वाटतं."

शेजारीण मान हलवून म्हणाली, "पाय दुखत असेल. एकच टेकलाय."

ताईचा चेहरा उतरला. ती शिपायाला म्हणाली, "काढा तो. तक्ता लावा." आणि वळून चालायला लागली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मला राग आला की मी विचार करत नाही, आणि या सवयीने माझं बरंच नुकसान झालंय. पण त्या दिवशी मी धावत व्हॅनकडे गेले, माझ्या वाटणीचा बगळा काखेत मारला आणि परत आले. ताई दारातच आडवी आली.

"नको गं. एवढा हललेला फोटो, तोही माझ्या खोलीसमोर? हसतील लोक."

"मग तुला हवंय तरी काय, बाई?"

मी तिला बाजूला केलं, शिपायाने रिकाम्या केलेल्या खिळ्याला फोटो अडकवला, वाकडा लागला तर तसाच राहू दिला.

बाकड्याच्या टोकाला एक म्हातारबुवा छातीला हात धरून बसले होते. जिन्यावरून पडून बरगड्यांना मार लागला होता, म्हणून मुलगा घेऊन आला होता. त्यांनी मान वर केली. बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं, दुखतंय.

"आई गं," ते म्हणाले, "अरे, मी पण असाच पडलो!"

आणि ते हसायला लागले. बरगड्या दाबून, डोळ्यांतून पाणी काढत. "आई गं, हसवू नका रे, दुखतंय," म्हणत हसत होते. मुलगा घाबरला, मग त्यालाही आवरेना. "बाबा, अगदी असाच चेहरा होता तुमचा." गळ्यात हात बांधलेल्या बाई उठून जवळ गेल्या आणि तो मासा बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. मघाची मुलगी आईला मासा आणि बगळा दोन्ही करून दाखवायला लागली. त्या कॉरिडॉरमध्ये इतका गलका मी कधी ऐकला नव्हता, आणि गलक्यातलं मला कळतं. मी ताईकडे बघितलं. ती फोटोकडे बघतच नव्हती. ती त्या माणसांची तोंडं एकेक करून बघत होती.

तेवढ्यात म्हातारबुवांचा नंबर लागला. ते हसत हसत आत गेले. त्या दारातून हसत आत जाणारा माणूस आजवर झाला नसेल. दार बंद झालं, तांबडा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. मग दार उघडलं आणि ताईच्या जागी आलेली नवी टेक्निशियन घामाघूम होऊन बाहेर आली.

"ताई, बरं झालं तुम्ही आहात. काहीतरी करा हो. श्वास रोखा म्हटलं की यांना हसू फुटतंय. बटणापाशी गेलेला हात दोनदा मागे घेतला. असा काढला तर नक्की हलणार."

बाकड्यावरचे लोक ताईकडे बघायला लागले. हा फोटो हिने काढला, हे शिपायाने एव्हाना सगळ्यांना सांगितलं होतं. गळ्यात हात बांधलेल्या बाईंनी जरा सरकून तिला जागा करून दिली. इतकी वर्षं त्या बाकड्यासमोर दार उघडून उभी राहिलेली माझी बहीण पहिल्यांदा त्यावर टेकली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, माझ्याही लागली, खोटं कशाला सांगू?

आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ "आई गं".

"घाई करू नकोस," ताई त्या नव्या टेक्निशियनला म्हणाली. "हसून घेऊ दे त्यांना. मग काढ."